माती जळत नाही, सबब

आमच्या वसाहतीच्या घरमालक संघटनेने, जिला येथे सर्व जण एचओए म्हणतात, मला पाठवलेल्या नोटिशीत मोजकीच वाक्ये होती आणि त्यांतले एकही निर्दोष नव्हते. आरंभीच 'प्रिय शेजारी' असा मायना होता. नोटीस देणाऱ्याने जिव्हाळा दाखवू नये, एवढेही या मंडळींना कोणी शिकवलेले दिसत नाही. पुढे म्हटले होते की, आपल्या घरामागच्या लाकडी डेकवर, म्हणजे फळ्यांच्या ओट्यावर, एका कुंडीत रोज संध्याकाळी काहीतरी धुमसत असलेले आढळते. लाकडी डेकवर पेटती वस्तू ठेवण्यास मनाई आहे. तरी सदर कुंडी तेथून हलवावी.

पेटती होती ती उदबत्ती, आणि हलवायची ती कुंडी! चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार मी स्वदेशात पुष्कळ पाहिला होता. अमेरिकेतल्या या मॉरिसव्हिलमध्ये तो इतक्या लवकर पाहायला मिळेल असे वाटले नव्हते.

मी आयुष्यभर एका सरकारी खात्याच्या विधी शाखेत नोकरी केली. न्यायालयात उभा राहण्याचा प्रसंग मला आला नाही. मात्र जे उभे राहत, त्यांच्या हातात माझे मसुदे असत. निवृत्तीनंतर आम्ही उभयता मुलाकडे येथे आलो, आणि आल्यापासून मी वाचनालय, बसमार्ग, गवत कापणारे कंत्राटदार अशा अनेकांशी पत्रव्यवहार सुरू ठेवला आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, इथे लोक ईमेल करतात." मी त्याला सांगतो की ईमेलला वजन नसते. हवे तर तराजूत टाकून पाहावे.

कुंडीत तुळस होती. पुण्याहून निघताना मंजिऱ्या रुमालात बांधून आणण्याचा पत्नीचा बेत मी सीमाशुल्काच्या नियमांचा आधार घेऊन हाणून पाडला होता. त्याबद्दल ती विमानात माझ्याशी बोलली नाही, आणि ते विमान लांबच्या पल्ल्याचे होते. पुढे देवळात भेटलेल्या एका बाईंनी तिला रोप दिले. ते तिने वाढवले, हिवाळ्यात काचेच्या दारापाशी आत ठेवून, जुन्या साडीचा आडोसा करून जगवले. घर मुलाचे, स्वयंपाकघर सुनेच्या सोयीने लावलेले. या देशात तिचे स्वतःचे म्हणावे असे ते एक झाड होते. यंदा कार्तिकात त्याचे लग्न लावायचे, हे तिने आषाढातच ठरवून टाकले होते.

उदबत्ती कुंडीत गेली ती छतावरच्या, धूर लागताच वाजणाऱ्या भोंग्यामुळे. देवघरापुढे पहिली उदबत्ती लावली त्या दिवशी तो असा किंचाळला की मुलगा ऑफिसचा फोन टाकून टॉवेल घेऊन धावला आणि छताला वारा घालू लागला. तेव्हापासून उदबत्ती बाहेर, तुळशीच्या मातीत रोवायची, असा घरात ठराव झाला. येथील आपल्या बहुतेक घरांत हाच ठराव झालेला आहे, हे मी चौकशीअंती सांगतो.

नोटीस मी मोठ्याने वाचून दाखवली. पत्नी पोळ्या लाटत होती.

"कुंडी हलली तर मीही हलले," ती म्हणाली.

"कुठे?"

"पुण्याला. तुम्ही बसा इथे पत्रं लिहीत."

पोळ्या लाटताना ती थट्टा करत नाही. मी लगेच उत्तराचा मसुदा हाती घेतला.

उत्तर तीन पानांचे झाले, कारण मी संयम पाळला. त्यातील मुख्य परिच्छेद असा होता: 'उदबत्तीची काडी मातीत रोवलेली असते. माती जळत नाही, हे सर्वमान्य आहे; किंबहुना आग विझवण्यासाठी मातीच टाकतात. सबब, मातीत रोवलेली उदबत्ती ही पेटती वस्तू नसून स्वयमेव एक अग्निप्रतिबंधक व्यवस्था होय.' शेवटी मी रीतसर सुनावणीची आणि स्थळपाहणीची मागणी केली.

संघटनेचा अध्यक्ष आमच्या भिंतीला भिंत लागून राहतो. नागपूरचा, संगणकाच्या नोकरीतला, चाळिशीचा गृहस्थ. तो अर्ध्या चड्डीत, माझे पत्र हातात घेऊन आला.

"काका, हे काय पाठवलं बाप्पा तुम्ही? ग्रीन कार्डच्या अर्जात मी इतकं लिहिलं नव्हतं."

"उत्तर लेखी द्यावे."

"अहो, मी बाजूलाच राहतो ना! कंप्लेंट आली, नोटीस सिस्टीमनं पाठवून दिली."

"त्या सिस्टीमची सही कुठे आहे?"

"काका, यार—" त्याने जीभ चावली. "सॉरी. उदबत्ती तेवढी बंद करा ना. मॅटर क्लोज करून टाकतो."

"नोटीस कुंडी हलवण्याची आहे. मी उदबत्ती बंद केली, तर नोटीस मान्य केल्यासारखे होईल."

तेवढ्यात पत्नीने चिवड्याची बशी त्याच्यापुढे ठेवली. प्रतिपक्षाला चिवडा देऊ नये, असे मी तिला नजरेने सुचवले. तिने नजर वाचली आणि चिवड्यावर आणखी शेव घातली.

"काकू, तुम्ही तरी समजवा ह्यांना."

"मला समजवायला सांगू नकोस. मला फक्त तुळस इथे हवी. तुम्ही दोघं काय वाट्टेल ते करा."

येथला कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो; त्या दिवशी त्याला सुट्टी होती. तेव्हा सकाळी, आमच्याच डेकवर, कुंडीच्या साक्षीने सुनावणी घेण्याचे ठरले.

आता तज्ज्ञाचे प्रमाणपत्र हवे होते, आणि तज्ज्ञ घरातच होता. पत्नीच्या धाकट्या बहिणीची मुलगी जवळच्याच विद्यापीठात मातीवर डॉक्टरेट करते, एवढे मला माहीत होते. ती शनिवारी भरल्या वांग्यांसाठी आमच्याकडे येते. मी तिच्या ताटाशेजारी तयार मसुदा आणि पेन ठेवले. 'माती हा पदार्थ ज्वलनशील नाही,' एवढ्या एका ओळीखाली तिची सही हवी होती.

तिने वाचले आणि घास तसाच हातात ठेवून ती हसू लागली.

"काका, माझं सगळं काम जळणाऱ्या मातीवर आहे."

"माती जळत नाही."

"बोर्निओत जळते. मी उभी राहून पाहिली आहे. बूट गरम होतात."

मग तिने जे सांगितले ते मी उलटतपासणीच्या पद्धतीने, मध्ये मध्ये हरकती घेत ऐकले. उष्ण प्रदेशातील काही जंगले दलदलीत उभी आहेत. तेथे पाने, मुळे, खोडे पडतात, पण पाण्याखाली ती धड कुजत नाहीत. हजारो वर्षे थरावर थर साचत जातात, आणि पाय ठेवला तर आत जाईल असा तपकिरी, मऊ, खोल लगदा तयार होतो. त्याला पीट म्हणतात. दिसायला माती, पण मुळात ते अर्धवट सरपण.

"ओलं आहे तोवर त्याला कोणी पेटवू शकत नाही," ती म्हणाली. "मग माणसं शेतीसाठी कालवे खणतात. कालव्यातून पाणी निघून जातं, पीट सुकतं, आणि कुणीतरी झुडपं साफ करायला काडी लावतं. झुडपं तासाभरात जळून जातात. खालची आग जमिनीत उतरते आणि महिनोन्‌महिने धुमसते. ज्वाळा नाही, नुसता धूर. शेजारच्या देशांतल्या शाळा बंद पडतात त्या धुरानं."

"कालव्यांना परवानगी कोणी दिली?" मी विचारले.

"काका, तो मुद्दा नाही."

"तोच मुद्दा आहे. खाते कोणते?"

"अहो, जेवू द्या तिला," पत्नी म्हणाली.

"मग विझवतात कशी?" माझा पुढचा प्रश्न.

"विझवता येत नाही, हीच तर गंमत. पेटूच द्यायची नाही. कालव्यांना बांध घालायचे, पाणी परत वर आणायचं. जमिनीत नळी पुरून पाणी किती खाली गेलंय ते बघत राहायचं. हातभर खाली गेलं की गावात सांगायचं, आता काडी लावू नका. माझं अर्धं काम म्हणजे लोकांना काड्या लावू नका सांगणं. त्यासाठी बोर्निओला जायची गरजच नव्हती म्हणा."

शेवटचे वाक्य तिने माझ्याकडे पाहून उच्चारले. मी ते कामकाजातून वगळले.

"बोर्निओ ते मॉरिसव्हिल हे अंतर लक्षात घेता तुझी साक्ष अप्रस्तुत आहे," मी म्हणालो. "येथे कुंडीत माती आहे. मी स्वतः दुकानातून पिशवी आणली आहे."

ती उठली, गॅरेजमध्ये गेली आणि उरलेली पिशवी उचलून घेऊन आली. मागच्या बाजूची बारीक अक्षरे तिने मला वाचायला लावली. पिशवीत मुख्यत्वे पीट होते. कॅनडातील दलदलीतून काढलेले, वाळवलेले, चाळलेले.

"म्हणजे यात माती नाही?"

"चिमूटभरही नाही."

मला जो संताप आला तो न्याय्य होता. कुंडीत भरायची माती म्हणून लोकांना शेजारच्या देशाची दलदल विकायची, हा ग्राहकाचा उघड विश्वासघात आहे. मी ताबडतोब त्या कंपनीला पत्र लिहायला बसलो. भाची मागे उभी राहून सांगत होती की काका, कंपनी राहू द्या, कुंडी ओली ठेवा आणि त्यात उदबत्ती रोवू नका. तथापि एका वेळी एकच प्रकरण हाताळावे, हा माझा नियम आहे.

सुनावणीच्या आधीचा आठवडा आम्ही दुसऱ्या राज्यात, प्लेनोला, मुलीकडे काढला. तुळशीला पाणी घालण्याचे काम मुलाकडे होते. आम्ही रविवारी संध्याकाळी परतलो, तेव्हा तुळस माना टाकून उभी होती. पत्नीने मातीत बोट घातले.

"अरे, ही कोरडीठाक आहे!"

"आई, मी रोज घातलंय. रिमाइंडर लावून घातलंय. बघ, डेक ओला होता रोज."

तो खरे बोलत होता, हे नंतर कळले. पीट एकदा पूर्ण सुकले की पाणी आत घेत नाही. पाणी कुंडीच्या कडेने उतरते, तळाच्या भोकातून डेकवर येते, आणि मधला गोळा कोरडाच राहतो. परंतु त्या संध्याकाळी पत्नीला स्वतः पाणी घालता येईना, कारण रविवारी तुळशीला पाणी घालत नाहीत. ती "उद्या उजाडता घालते गं तुला" असे म्हणून आत गेली.

डेकवर मी एकटा उरलो. माझ्यापुढे कायद्याचा एक गंभीर प्रश्न होता. वहिवाटीचा हक्क सांगायचा तर वहिवाट अखंड हवी. प्लेनोच्या मुक्कामामुळे ती आठवडाभर खंडित झाली होती, आणि सुनावणी दुसऱ्याच दिवशी होती. प्रतिपक्षाने हा मुद्दा काढला असता, तर? म्हणून मी राहिलेल्या सर्व दिवसांच्या उदबत्त्या एकदम लावल्या आणि तो जुडगा खोलवर, नीट दाबून रोवला.

सोमवारी सकाळी पत्नीने स्नान करून तांब्याभर पाणी घातले. ते नेहमीपेक्षा लवकर खाली आले. धुराचा वास होता. पण कामगार दिन असल्याने वसाहतीत घरोघरी शेगड्या पेटल्या होत्या आणि सगळीकडेच मांस भाजल्याचा धूर होता. त्यामुळे कोणी लक्ष दिले नाही.

मी डेकवर टेबल मांडले, फाइल ठेवली. अध्यक्ष लॅपटॉप घेऊन आला. भाची पोह्यांची बशी घेऊन पायरीवर बसली. ती साक्षीदार म्हणून आलेली नाही, असे तिने आधीच जाहीर केले. पत्नी दारात उभी राहिली. माझे पूर्ण झाल्याशिवाय कोणी मध्ये बोलू नये, असे सुचवून मी आरंभ केला. अग्नीची व्याख्या झाली, डेकची व्याख्या झाली. मी 'माती' या शब्दापर्यंत आलो आणि हाताने कुंडीकडे निर्देश केला.

अध्यक्षाने लॅपटॉप हळूच मिटला.

"काका, तुमचा पुरावा जळून राहिला."

कुंडीच्या एका बाजूने निळसर धुराची बारीक दोरी वर चढत होती.

"ती कालच्या उदबत्तीची उरलेली—"

"कालची उदबत्ती आज सकाळी दहाला, काका?"

भाचीने बशी ठेवली आणि कुंडीच्या अंगाला हात लावून झटकन मागे घेतला. प्लास्टिक त्या बाजूला मऊ पडून फुगले होते. पत्नी तांब्या घेऊन धावली, पाणी ओतले. ते सारे खाली वाहून अध्यक्षाच्या चपलांत गेले. धूर तसाच.

"मावशी, वरून ओतू नकोस, आत शिरणारच नाही ते. झाड उपटावं लागेल, आणि बाकीचं सगळं पाण्यात कालवावं लागेल."

"उपटू? तुळस?"

"नाहीतर मुळं जळतील. जळतायत आत्ता."

पत्नीने माझ्याकडे पाहिले नाही. ती कुंडीपाशी बसली, "बाई गं, माफ कर" असे म्हणाली, आणि दोन्ही हातांनी खोडाच्या बुडाशी धरून ती तुळस मुळासकट वर काढली. खालच्या पोकळीत, मी जुडगा रोवला होता नेमका तेथे, लालभडक निखाऱ्यांचे एक घरटे होते. त्या बाजूची मुळे काळी होऊन गळून पडली. अध्यक्ष स्वतःच्या घरातून फरशी पुसण्याची बादली भरून आणण्यासाठी पळाला.

"काका, ती फाइल खाली ठेवा आणि कुंडी तिरकी धरा," भाची म्हणाली.

मी फाइल ठेवली. तिने ते सारे बादलीत उलटले, खुरप्याने ढवळून ढवळून त्याचा चिखल केला, मूठमूठ पिळून पाहिले. बराच वेळ त्यातून वाफ येत राहिली. डेकच्या फळीवर कुंडीच्या बुडाएवढे काळे वर्तुळ उमटले होते. तिच्या जंगलात हेच मैलोन्‌मैल चालते, आणि तेथे बादलीत उलटता येत नाही, असे ती हात धुताना म्हणाली. या वेळी हसली नाही.

अध्यक्ष ओल्या चपलांनिशी खुर्चीत बसला. "काका, निकाल काय लिहू?"

"प्रथम हे नोंदवावे की जळालेला पदार्थ माती नव्हता," मी म्हणालो. "माती जळत नाही हे माझे विधान आजही अबाधित आहे."

"ते मात्र खरं आहे," भाची म्हणाली. एवढा एकच पुरावा माझ्या बाजूने आला, आणि तोही पोहे गार झाल्यावर.

"लिही," पत्नी म्हणाली. तिच्या हातात अजून ते झाड होते, ओल्या फडक्यात गुंडाळलेले. "उदबत्ती बंद. तुळस इथेच राहील. जगली तर."

अध्यक्षाने लिहिले. "जगली तर" हे शब्द त्याने घेतले नाहीत, हे मी पाहिले.

आता खरी माती हवी होती. घरांमागे उतारावर येथली लाल माती उघडी पडलेली आहे. पण ती जागा सामाईक असून तेथे खोदकामास बंदी आहे. नियमाचा तो परिच्छेद मला पाठ होता, म्हणून मी तो म्हणून दाखवला. पत्नीने माझ्याकडे त्या दिवसात पहिल्यांदा पाहिले.

"मी खोदतो, काकू," अध्यक्ष उठत म्हणाला. "काका, माझ्यावर केस टाका."

आणि संघटनेच्या अध्यक्षाने संघटनेच्या जमिनीत भर सुट्टीच्या सकाळी खड्डा खणला. भाचीने त्या मातीत वाळू आणि शेणखत मिसळले. नुसती चिकण माती मुळांना गुदमरवते, असे तिचे म्हणणे. मातीच्याच नव्या कुंडीत तुळस लावली.

त्या आठवड्यात तिची सारी पाने गळली. काडी उरली. पत्नीने एके दिवशी मुलाला सांगून कपाटावरची मोठी बॅग खाली उतरवली. धूळ झटकायची आहे, असे ती म्हणाली. धूळ झटकली, बॅग पलंगाशेजारीच राहिली. मी विषय काढला नाही. विमानाच्या तिकिटांबद्दल मुलाला ती दबक्या आवाजात काही विचारते, हे मी ऐकले आणि ऐकले नाही असे केले. आयुष्यात प्रथमच मला कोणाला पत्र लिहावे हे सुचेना. पिशवीच्या कंपनीचे उत्तर आले होते. त्यांनी मला पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन पाठवले होते. त्यालाही मी उत्तर दिले नाही.

रोज सकाळी मी मातीत बोट घालून पाहत असे, आणि कोरडी लागली तर पाणी घालत असे. रविवारी नाही. पत्नी काचेच्या दारातून माझे बोट पाहत असे.

सप्टेंबर संपत आला होता. एका सकाळी मी तांब्या घेऊन डेकवर गेलो, तर ती माझ्या आधीच तेथे होती. गुडघा दुखत असूनही खाली बसलेली, चष्मा कपाळावर, नाक काडीला लागेल इतकी वाकलेली.

"बघा जरा," ती म्हणाली.

मी वाकलो. जळालेल्या नव्हे, त्या दुसऱ्या बाजूला, खोडाच्या बेचक्यात तिळाएवढे दोन हिरवे ठिपके होते. मला काही बोलायचे होते. वाक्य मनात जुळतही आले होते.

"तांब्या ठेवा आणि आत जा," ती म्हणाली. "ती बॅग कपाटावर चढवा. येता-जाता पायात येतेय माझ्या."